खोक्याची प्रत आणि खाडीची हवा

देवगड तालुक्यात हापूस आंब्याविषयी स्वतःचे ठाम मत नसलेला मनुष्य शोधून सापडणे कठीण; कातळावरच्या आंब्यात आणि खालाटीतल्या आंब्यात सालीने, गंधाने व टिकाऊपणाने काय अंतर पडते, मोहोर कोणत्या थंडीने धरतो आणि कोणत्या धुक्याने गळतो, साका कशाने होतो, यांवर येथला शाळकरी मुलगासुद्धा अर्धा तास प्रवचन करील. परंतु हाच आंबा ज्या पुठ्ठ्याच्या भरवशावर विजयदुर्गाहून वाशीच्या बाजारापर्यंत, आणि क्वचित समुद्रापलीकडेही जातो, त्या पुठ्ठ्याविषयी विचारले तर ‘खोके ते खोके’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. माझ्या नोकरीचा बराच काळ गिर्ये, रामेश्वर आणि विजयदुर्ग या टापूतील बागायतदारांचा माल भरून पाठविण्याच्या कामी गेला. आणि त्यातही फळ पारखण्याचे मानाचे काम इतरांकडे असून, खोकी मागविणे, मोजून घेणे, त्यांची प्रत ठरविणे आणि मुंबईहून दलालाची पट्टी आली म्हणजे तीत डागी मालाच्या नावाने जी रक्कम वजा झालेली असे तिचा जाब देणे, हा दुय्यम समजला जाणारा कारभार माझ्या वाट्यास आला होता. आंब्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या दुय्यम कारभाराविषयी लिहितो.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. विजयदुर्गाच्या बंदरात मुंबईच्या आगबोटी लागत त्या काळापासून आंब्याचे वाहन म्हणजे लाकडी पेटी. ठरीव मापाच्या फळ्या, चार खिळे, तळाशी आणि थराथरांत भाताचा पेंढा, वरून आवळलेली दोरी; पेटीचे माप कायम, आणि फळ जसे लहान-मोठे असेल तशी ती चार डझनी, पाच डझनी किंवा सहा डझनी म्हणून ओळखली जाई. फळी वाळलेली आहे की ओली, खिळा आत डोकावतो की नाही, एवढे पाहिले की पेटीची परीक्षा संपली. एकावर एक कितीही पेट्या रचल्या तरी सारा भार फळीने वाहावा, आत फळाने पेंढ्यात पडून राहावे, अशी ही निर्धास्त व्यवस्था होती. फळीचा खरखरीतपणा, पेंढ्यातील कीड आणि पेटीचे स्वतःचेच वजन हे तिचे दोष. परंतु जुन्या मंडळींना ते दोष वाटतच नसत.

पुढे लाकूड महाग होत गेले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात वृक्षतोडीवर देशव्यापी निर्बंध घातले आणि कच्च्या लाकडावर उभ्या असलेल्या सर्वच धंद्यांना विचार करणे भाग पडले. २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारान्वये असा दंडक झाला की परदेशी जाणारे लाकडी वेष्टन गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवून, तसा शिक्का मारूनच पाठवावे. कागदाच्या वेष्टनाला मात्र त्यातून माफी होती. शिवाय शहरातील गिऱ्हाइकाला पाच डझनांची पेटी नको, एक-दोन डझनांचे सुबक खोके हवे, ही रुचीही त्याच सुमारास रूढ झाली. लाकडी पेटी अजून सर्वस्वी गेलेली नाही. पण आमच्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांनी तिची जागा घेतली ती कायमची.

पेट्या ठोकून ज्याचे हात रापले होते असा एक वृद्ध सुतार तेव्हा आमच्याकडे होता. पुठ्ठ्याचा पहिला गठ्ठा सोडला त्या दिवशी त्याने एक खोके उचलून नाकाशी नेले, कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि म्हणाला, “भाऊनू, फळयेक घाम येना नाय, ह्या पुठ्ठ्याक येता.” त्या उद्गाराचा पुरता अर्थ उमगण्यास मला काही हंगाम लागले, पण पुठ्ठ्याच्या प्रतीविषयी याहून अचूक विधान मी पुढे कोणत्याही तज्ज्ञाच्या तोंडून ऐकले नाही.

खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये लहरी पाडलेला तिसरा कागद. १८५६ साली इंग्लंडात हीली आणि ॲलन या दोघांनी लहरदार कागदाचे पेटंट घेतले ते उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी. बाटल्या गुंडाळण्यास त्याचा उपयोग करावा हे अमेरिकेत अल्बर्ट जोन्स याला १८७१ साली सुचले, आणि लहरींना सपाट कागदाची पाठ चिकटवून त्यांना बळ देण्याची युक्ती ऑलिव्हर लाँग याने १८७४ साली काढली. साहेबाच्या टोपीतून निघालेली ही वस्तू हापूस आंब्यापर्यंत पोहोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. तीन कागदांचा तो थ्री प्लाय, त्यावर आणखी एक लहर आणि एक सपाट कागद चढविला की फाइव्ह प्लाय. लहरीच्या उंचीवरून तिची जात ठरते: ए फ्लूट सुमारे पाच मिलिमीटर, सी चार, बी तीन आणि ई जेमतेम दीड. उंच लहर धक्का चांगला सोसते, बुटकी लहर चेंगरत नाही आणि छपाईला सपाट पृष्ठभाग देते.

कारखानदाराच्या दरपत्रकात याखेरीज दोन आकडे असतात. एक जीएसएम, म्हणजे कागदाच्या चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. दुसरा बीएफ, म्हणजे कागद फुटण्यास किती दाब लागतो त्याचा निर्देशांक. दोहोंचा गुणाकार करून हजाराने भागले की दर चौरस सेंटिमीटरला किती किलो दाबाने कागद फुटेल ते निघते. १८० जीएसएम आणि २० बीएफ असेल तर ३.६ किलो, १४० आणि १८ असेल तर २.५ किलोच्या किंचित वर. फुटण्याची ही परीक्षा १८८७ साली मलन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने काढलेल्या यंत्रावर आजही होते, आणि आपल्याकडे खरेदीचा सारा व्यवहार या एकाच आकड्याभोवती फिरतो. बागायतदार विचारतो, “किती बीएफ?” कारखानदार सांगतो, “वीस.” आणि सौदा मिटतो.

माझी हरकत नेमकी येथे आहे. आंब्याचे खोके फुटून खराब होते असे मी सहसा पाहिलेले नाही; ते बसते. आमच्याकडे शब्दच तो आहे: ‘खालचा थर बसला.’ खोके बसते म्हणजे त्याच्या उभ्या भिंती बाहेरच्या बाजूस फुगतात, कोपरे वाकतात, झाकण खाली येऊन फळाला टेकते, आणि तेथून पुढे वरच्या सर्व खोक्यांचे ओझे पुठ्ठ्याने न वाहता आंबा वाहू लागतो. बाहेरून पाहिले तर कागद कोठेही फाटलेला नसतो. आत मात्र देठाजवळ काळपट चट्टा पडलेला असतो, जो आढीत दोन दिवसांनी दिसतो आणि पट्टीत आठ दिवसांनी. फुटण्याचा आकडा या मरणाविषयी फारसे काही सांगत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याची कड उभी धरून ती किती भाराने चिरडते, आणि तयार खोके दोन पाट्यांमध्ये दाबले तर किती किलोला बसते, हे विचारावे लागते. पहिल्याला ईसीटी व दुसऱ्याला बीसीटी म्हणतात. आणि या दोहोंचा संबंध अमेरिकेतील ॲपलटन येथील कागद-रसायन संस्थेत मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली सूत्रबद्ध केला आहे. त्या सूत्राचा मला उमगलेला मथितार्थ असा की, कडेचे बळ दुप्पट केले तर खोक्याचे बळ दुप्पट होते, परंतु पुठ्ठ्याची जाडी दुप्पट केली तर ते जेमतेम १.४ पट होते. म्हणजे हलक्या कागदाचा जाडजूड फाइव्ह प्लाय घेऊन मिशीला पीळ देणाऱ्यापेक्षा सकस कागदाचा थ्री प्लाय घेणारा पुष्कळदा शहाणा ठरतो.

हिशेब फार अवघड नाही. एक डझन हापूस भरलेले खोके सव्वातीन किलोच्या घरात जाते; आठांची थप्पी लावली तर तळच्या खोक्यावर सात खोक्यांचे पावणेतेवीस किलो ओझे. पावणेतेवीस किलो भार सोसणारे खोके तर कोणीही देईल. परंतु सतत भाराखाली उभा असलेला पुठ्ठा दिवसागणिक थकत जातो आणि दहा दिवसांत आपले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बळ गमावतो. गाडीचे हादरे निराळे. आणि हवा तर सर्वांवर कडी करणारी. म्हणून जाणते लोक या ओझ्याची चार-पाच पट करून मगच बीसीटीचा आकडा मागतात. आमच्या एक डझनी खोक्याला तो नव्वद ते एकशे पंधरा किलोंच्या दरम्यान येई.

आता हवेविषयी. कागदाच्या सर्व परीक्षा आपल्याकडे भारतीय मानकानुसार २७ अंश तापमानात आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत करावयाच्या असतात. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत तर २३ अंश आणि ५० टक्के. दरपत्रकातील प्रत्येक आकडा हा त्या सुखद खोलीतील आकडा असतो. आमची खोकी बहुधा कोल्हापूरकडून येत. घाटमाथ्याच्या कोरड्या हवेत जन्मलेला तो पुठ्ठा गगनबावड्याहून करूळ घाट उतरून, तळेऱ्यावरून, पडेल कॅन्टीनवरून खाडीकाठी येऊन पडे, आणि त्या क्षणापासून त्याचे शरीर पालटू लागे. वाघोटणच्या खाडीवरून मे महिन्यात जी खारी, दमट हवा संध्याकाळी आत शिरते ती पहाटेपर्यंत शेडमधून हलत नाही. कौलांच्या आतून दव धरते, हिशेबाच्या वहीचे पान बोटाला चिकटते. ५० टक्के आर्द्रतेत कागदाच्या अंगी सात-आठ टक्के पाणी असते. ९० टक्क्यांत ते पंधरा टक्क्यांच्या वर जाते, आणि तेवढ्याने खोक्याचे उभे बळ निम्म्यावर येते. त्यातच पुठ्ठ्याचे थर जोडणारी खळ ही पिठूळ जातीची. ती जलरोधक करून घेतली नसेल तर लहर कागदापासून सुटू लागते, आणि सुटलेल्या लहरीच्या पुठ्ठ्याला कोणत्याही बीएफचा उपयोग नाही. खोक्यात भरलेला आंबाही निर्जीव नसतो. तो श्वास घेतो, उष्णता टाकतो, वाफ टाकतो, आणि ताडपत्रीखाली बांधलेल्या ट्रकमध्ये रात्रभरात स्वतःभोवती आणखी एक खाडी निर्माण करतो. मेच्या अखेरीस वळवाची सर आली तर बोलायलाच नको. म्हणजे दरपत्रकावर वीस असलेले खोके आमच्याकडे पहाटे चारला वीस नसते. ज्याने दर मागताना हवेचा उल्लेख केला नाही त्याने निम्मेच खोके विकत घेतले असे मी खुशाल म्हणेन.

प्रयोगशाळा आमच्या आवाक्यात नव्हती. मुंबईत अंधेरीला १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था आहे आणि तेथे या सर्व परीक्षा रीतसर होतात; पण हंगामाच्या ऐन धांदलीत आलेला गठ्ठा ठेवावा की परत पाठवावा याचा निर्णय त्याच दुपारी करावयाचा असतो. म्हणून आम्ही घरगुती रीती बसविल्या होत्या. त्यांतली एक सविस्तर सांगतो, कारण ती कोणालाही करता येईल. आलेल्या गठ्ठ्याच्या मधल्या एका खोक्यातून बरोबर दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन धारदार सुरीने कापावा, लहर चेंगरू न देता. तो कोमट पाण्यात टाकून ठेवला की थोड्या वेळाने थर आपोआप सुटतात. मधला लहरदार कागद पाण्यात हळूहळू अंग सैल सोडून लांब होतो. प्रत्येक कागद खळ पुसून उन्हात, कौलावर, दगडाखाली दाबून पूर्ण सुकवावा आणि सोनाराच्या तराजूत तोलावा. वरच्या सपाट कागदाचे ग्रॅम गुणिले शंभर, हे त्याचे जीएसएम. १८० सांगितलेला कागद दीड ग्रॅम भरला तर पुढचे बोलणे पत्राने करावे. सुकविणे महत्त्वाचे; कारण आमच्या हवेत कागद पाणी पिऊन वजनदार होतो आणि हलका कागदही तराजूत प्रतिष्ठित दिसतो. जो पुठ्ठा दमट झाल्याने दुबळा होतो तोच दमट झाल्याने वजनात भारी ठरतो, हा या धंद्यातील एक विलक्षण विनोद आहे.

दुसरी रीत फाडून पाहण्याची. सुटलेला कागद हाताने फाडला असता कड केसाळ, लांब तंतूंची निघाली तर त्यात ताजा लगदा आहे. कड मऊ आणि आखूड तुटली तर तो रद्दीचा कागद. आपल्याकडील बहुतेक तपकिरी कागद रद्दीतूनच होतो आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातो, आणि दमट हवेत आखूड तंतू आधी हार खातात. वरच्या कागदात तरी लांब तंतूंचा वाटा असावा, असा माझा आग्रह असे. तिसरी रीत पाण्याच्या थेंबाची: कागदावर ठेवलेला थेंब मण्यासारखा उभा राहतो की लगेच पसरून आत मुरतो, ते पाहायचे. कारखान्यात याच गोष्टीला कॉब परीक्षा म्हणतात आणि ठरावीक वेळात चौरस मीटरमागे किती ग्रॅम पाणी मुरले ते मोजतात. खोके दुकानातून घरी नेण्यापुरते हवे असेल तर हा आकडा न विचारला तरी चालेल. किनाऱ्यावर मात्र मी तो बीएफच्या आधी विचारीत असे.

घाटमाथ्यावरील एका कारखानदाराशी या तराजूवरून माझे एकदा चांगलेच वाजले. नमुन्याचे खोके निर्दोष होते. मालातले खोके दिसायला हुबेहूब तेच, पण वरचा कागद तोलात बराच उणा आणि तंतू भलतेच आखूड. त्याचे म्हणणे असे की छपाई तीच, माप तेच, रंग तोच, तेव्हा तक्रारीला जागा कोठे? नमुना आणि माल यांची रुजुवात करून, दोन्हींचे सुकविलेले तुकडे मी कागदात गुंडाळून रजिस्टर टपालाने पाठविले, आणि बिल अडवून धरले. दरात सूट मिळाली. परंतु तोपर्यंत निम्मा हंगाम सरला होता आणि त्या खोक्यांतून गेलेल्या मालाची कपात बागायतदारांच्या खात्यावर पडून गेली होती. तेव्हापासून खरेदीच्या कागदावर थरावार जीएसएम आणि बीएफ, लहरीची जात, कॉब आणि बीसीटी अशा बाबी लेखी घेतल्याविना मी आगाऊ रक्कम दिली नाही.

कागद कितीही उत्तम घेतला तरी हमालाच्या सवयीपुढे त्याचे काही चालत नाही. खोक्याचे जवळजवळ दोन-तृतीयांश बळ त्याच्या चार उभ्या कडांत असते. मधल्या भिंती केवळ साथ देतात. म्हणून कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ थप्पी लावली तर खोके आपले पूर्ण बळ दाखविते, आणि एक थर उभा, एक आडवा अशी रचना केली की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या दुबळ्या मध्यावर येऊन निम्म्याच्या आसपास बळ फुकट जाते. पण गवंडी जसा चिऱ्यांचा सांधा मोडतो तसा थर मोडल्याविना हमालाला चैन पडत नसे. “सांधो मोडल्याशिवाय थर उभो रवतलो कसो?” हा त्याचा बिनतोड प्रश्न. आणि त्याच्या बाजूने न्यायही होता. सरळ थप्पी ट्रकच्या वळणांवर, परशुराम आणि कशेडीच्या घाटांत, कलंडते. शेवटी तोड अशी निघाली की खालचे सर्व थर सरळ ठेवावेत, वरचे दोनच मोडावेत, आणि थप्पीला आडवी पट्टी आवळावी. वरच्या थरांवर ओझे नसते. तेथे बळ गेले तरी नुकसान नाही.

हवेच्या भोकांचा वादही असाच. आंब्याला श्वास हवा म्हणून भोके हवीत. आणि प्रत्येक भोक म्हणजे भिंतीतून कापून टाकलेले बळ. ती कोपऱ्यापासून दूर, भिंतीच्या मध्यभागी आणि उभट लंबगोल असली तर तोटा थोडा; कोपऱ्याजवळ गोल भोके पाडणारा डाय तर मी कारखान्यातून बदलून घेत असे. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले तेव्हा लासलगावच्या केंद्रात फळाला किरणोत्साराची प्रक्रिया देऊन तिकडची खोकी रवाना होऊ लागली. प्रक्रिया झालेल्या फळावर पुन्हा माशी बसू नये म्हणून त्यांच्या भोकांना बारीक जाळी लावावी लागे. परदेशी गिऱ्हाइकाने आपल्याला एवढे तरी शिकविले की खोक्यातील भोक हीसुद्धा मोजून-मापून ठरवावयाची बाब आहे.

याहूनही एक साधी गोष्ट लोकांना पटविणे मला जड गेले. खोके काठोकाठ भरू नये. बागायतदाराचा हात सढळ असतो. एक डझनाच्या खोक्यात मोठे फळ दाबून बसविले की त्याला समाधान वाटते. पण झाकण फुगले की भार पुठ्ठ्यावरून फळावर आलाच. फळ आणि झाकण यांमध्ये बोटभर जागा राहील अशा उंचीचे खोके घ्यावे, आणि फळाच्या वजनानुसार दोन मापांची खोकी ठेवावीत. कागद एक पायरी हलका घेतला तरी चालेल, उंची चुकलेली चालणार नाही.

छपाईविषयी थोडेसे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि खोक्यावर नावगाव ठसठशीत छापण्याची चढाओढ लागली. आमच्यातील अनेकांना खोक्यावर विजयदुर्गाचे बुरूज हवे असत, चार रंगांत. आता पुठ्ठ्यावर थेट छापताना रूळ जितका दाबावा तितका रंग भरतो आणि तितकीच आतली लहर चेंगरते. तीन मिलिमीटरची लहर अडीचवर आली की बळ गेलेच. ज्या घेरियाला, म्हणजे याच विजयदुर्गाला, पाडण्यास १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांना मोठे आरमार आणावे लागले, त्याच्या बुरुजांचे चित्र आपल्याच पुठ्ठ्याला तळेरे येण्यापूर्वी पाडीत होते. चित्र हवेच असेल तर ते वेगळ्या पातळ कागदावर छापून मग पुठ्ठ्यावर चिकटवावे. खर्च वाढतो, पण लहर शाबूत राहते. एरवी एक रंग पुरे.

हंगामाबाहेर काजूगर, आमसुले आणि आंबापोळी यांच्या लहान डब्यांचे काम येई. तेथे लहरीचा पुठ्ठा नसून डुप्लेक्स बोर्ड: वरून पांढरा गुळगुळीत, पाठीमागून करडा. करडी पाठ ही रद्दीची असते. काजूगराला तिचा वास लागतो आणि तेल तिच्यातून झिरपून पांढऱ्या बाजूवर डाग उमटवते, म्हणून आत निराळी पिशवी हवी, नाही तर पाठही पांढरी, ताज्या लगद्याची घ्यावी. छापील वर्तमानपत्राचा अन्नाशी थेट संपर्क २०१८ च्या अन्नवेष्टन नियमांनी निषिद्ध ठरविला, हे बरे झाले; त्याआधी आमच्या काजूवर अग्रलेखाची शाई उमटलेली मी पाहिली आहे. बोर्डाला लाकडाप्रमाणे रेषा असते, हे तेथे ध्यानात ठेवावे. तुकडा एका बाजूने ओला केला की तो वळतो, आणि ज्या अक्षाभोवती वळतो तीच तंतूंची दिशा. ती दिशा डब्याभोवती आडवी जावी, म्हणजे भिंती फुगत नाहीत. याउलट लहरीच्या पुठ्ठ्यात लहर नेहमी उभी. बाकी डब्याच्या बाबतीत ३०० जीएसएम की ३५० यावर जो काथ्याकूट होतो तो मला अनाठायी वाटे; दोनशे ग्रॅम काजूला ३०० पुष्कळ झाले.

दराचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण व्यवहारात तो नेहमी पहिला येतो आणि बाकीच्यांना बोलू देत नाही. चांगल्या आणि सुमार खोक्यात फरक पडतो तो नगामागे थोड्या रुपयांचा. आत असतात एक डझन हापूस, ज्यांच्यासाठी वर्षभर झाडाची सेवा झालेली असते, कातळ फोडून खड्डा भरण्यापासून. हे सर्व उघड असूनही बागायतदार खतावर हात सैल सोडतो आणि खोक्यावर आखडतो, याचे कारण मला वाटते असे की खताचा गुण झाडावर दिसतो, खोक्याचा गुण मात्र काहीच न घडण्यात असतो. पट्टीत कपात नाही, एवढीच त्याची साक्ष. आणि न झालेल्या नुकसानीची नोंद कोणत्याच खात्यावर होत नाही.

तेव्हा माझी येथल्या तरुण बागायतदारांस विनंती एवढीच आहे. येत्या हंगामाची खोकी मार्चमध्ये घाईने मागवू नका. डिसेंबरातच दोन-तीन कारखान्यांकडून नमुन्याची दहा-दहा खोकी आणवा, शक्य तर आपल्या थप्पीच्या उंचीचा आकडा त्यांना आधीच कळवा. नमुन्यांत फळाऐवजी तेवढ्याच वजनाची वाळू पिशव्यांत भरा, आठांची थप्पी खाडीच्या बाजूच्या पडवीत लावा, खाली ओली गोणपाटे अंथरा, वरून ताडपत्री झाका आणि तीन रात्री तशीच ठेवा. चौथ्या दिवशी तळच्या खोक्याची उंची पट्टीने मोजा. ज्याचे खोके बसले नाही त्याला, त्याचा दर दोन रुपये अधिक असला तरी, ऑर्डर द्या. आणि ती देताना थरावार कागद लेखी मागा.